फाइलचे वजन आणि अनुस्वाराची किंमत

चंडीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी ही संस्था २००३ पासून पंजाबातली जुनी हस्तलिखिते, छापील ग्रंथ आणि वृत्तपत्रे पानापानाने स्कॅन करत आली आहे. २००९ मध्ये तिचा संग्रह इंटरनेटवर खुला झाला. आज तो कोट्यवधी पानांत मोजला जातो. या कामातली मुख्य अडचण साध्या गुणाकारात दिसते. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू (३०० डीपीआय) या प्रमाणात स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाचे वजन २६ एमबी. एक कोटी पानांचे २६१ टीबी. ही झाली एकच प्रत, आणि जतनाचे काम गांभीर्याने करणारे कोणीही एका प्रतीवर विसंबत नाही.

तेच पान करड्या छटांत ८.७ एमबीचे होते, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात १.१ एमबीचे. त्यावरचा मजकूर युनिकोडमध्ये टंकला आणि पानावर दोन हजार चिन्हे धरली, तर फाइल अवघी ६ केबीची. २६ एमबी आणि ६ केबी यांत चार हजार पटींहून जास्त अंतर आहे. ‘गुणवत्ता न घालवता फाइल लहान करा’ असे सांगणाऱ्याला या अंतरातली नेमकी कोणती जागा हवी आहे, हे आधी विचारले पाहिजे. दस्तऐवजाने कशाची साक्ष द्यायची हे ठरल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ येत नाही. आणि देवनागरी, गुरुमुखी, मोडी या लिपींपुरते बोलायचे तर किती खाली उतरायचे याची सीमा पानावरची सर्वांत बारीक खूण आखून देते. बहुतेक वेळा ती खूण अनुस्वार असते.

साक्षीचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, याचा धडा चंडीगडातच मिळालेला आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात २०११ साली लागलेल्या आगीत हजारो खटल्यांचे कागद जळाले आणि त्या फायली पुन्हा उभ्या करण्याचा खटाटोप पुढे कित्येक वर्षे करावा लागला. कागद गेल्यावर स्कॅन हीच मूळ प्रत होते. तेव्हा त्या स्कॅनमधून आधीच काय गाळले गेले आहे, हे महत्त्वाचे ठरते.

अंदाज बांधता येतो तेवढेच वजन फुकट उतरते

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप मांडले. त्याचे सार असे, की पुढे काय येणार याचा जेवढा अंदाज आधीच बांधता येतो तेवढी माहिती कमी, आणि तेवढी जागा वाचवता येते. चंडीगडचा नकाशा हे याचे उत्तम उदाहरण. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातला सेक्टर ८०० मीटर गुणिले १२०० मीटरचा. ‘सेक्टर १ ते ४७, मधला १३ वगळून’ एवढ्या एका ओळीत पहिल्या दोन टप्प्यांची सगळी यादी सामावते. नियम एकदाच सांगितला आणि अपवाद तेवढा वेगळा नोंदवला. (२०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ हे नाव मिळाले आणि ती ओळही बदलावी लागली, अपवादांनाही जागा लागते ती अशी.) पुण्याच्या पेठांची यादी इतक्या थोडक्यात सांगता येणार नाही, कारण वारांची नावे असलेल्या पेठा सोडल्या तर एका पेठेच्या नावावरून दुसरीचा पत्ता लागत नाही.

संगणकातल्या पद्धती हेच करतात. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची रीत दाखवली. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये दुसरी रीत दिली: आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा लिहायचा नाही, ‘इतके मागे जा, एवढी चिन्हे उचला’ असा निर्देश करायचा. या दोहोंच्या संयोगातून डिफ्लेट ही पद्धत झाली. झिप फाइल, पीएनजी चित्र आणि पीडीएफच्या आतला मजकूर आजही मुख्यतः तिच्यावरच चालतो. यांतून काहीही नष्ट होत नाही. उलट क्रिया केली की मूळ फाइल बिटागणिक तशीच हाती येते आणि तसे झाले की नाही हे तपासताही येते. ‘काहीही न गमावता’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे वापरायचा तर तो इथेच शोभतो.

या मार्गाला गणिती कुंपणही आहे. कोणतीही पद्धत सर्वच फायली लहान करू शकत नाही. दहा बिटांच्या १०२४ वेगवेगळ्या फायली असू शकतात, आणि त्याहून आखूड अशा सगळ्या मिळून १०२३, रिकामी फाइल धरूनही. सगळ्या लहान केल्या तर निदान दोघींना एकच रूप मिळेल आणि परत उलगडताना गोंधळ होईल. म्हणूनच जेपीजी फोटो झिप केला की तो जवळजवळ तेवढाच राहतो. त्यातला अंदाज बांधण्यासारखा भाग आधीच काढून घेतलेला असतो. झिपमध्ये झिप घालून फाइल निम्मी करण्याची आशा सोडून द्यावी.

देवनागरीचा एक विशेष इथेच सांगतो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात एकच बाइट पुरत असे. त्यामुळे मराठी मजकुरावर तिप्पट वजन लादले गेले, अशी तक्रार ऐकू येते. प्रत्यक्षात देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. हे पुनरावर्तन डिफ्लेटला लगेच सापडते आणि तिप्पट वजनातला बराचसा भाग गळून पडतो. मराठी मजकुराची खरी उधळण अन्यत्र होते: टंकलेले पत्र छापायचे, सही करायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्या फोटोची पीडीएफ पाठवायची. काही केबींचा मजकूर चार एमबीचा होतो, शिवाय त्यात शब्दही शोधता येत नाही.

डोळ्याला फसवण्याची विद्या

दुसरा मार्ग जाणूनबुजून काही टाकून देण्याचा. त्याच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये त्यांनी मांडलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणित १९९२ च्या जेपीजी मानकाचा कणा झाले. चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले चढउतार सावकाश बदलणाऱ्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या लहरींत विभागायचे, मग झपाट्याने बदलणाऱ्या लहरी ढोबळ आकड्यांत गुंडाळायच्या. माणसाचा डोळा त्यांना फारसा लक्षात घेत नाही. चंडीगडच्या सुखना तलावावरच्या सूर्यास्ताचा फोटो अशा रीतीने दहा पटींनी लहान झाला तरी कोणाची तक्रार येत नाही.

पण अक्षर हे निसर्गचित्राच्या उलट असते. पांढऱ्या कागदावरची काळी कड म्हणजे निव्वळ झपाट्याचा बदल, जेपीजी जे गुंडाळते नेमके तेच. त्यामुळे अक्षरांभोवती धुरकट ठिपक्यांची झालर उमटते. शिवाय जेपीजी बहुधा रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी करून ठेवते, उजेड-अंधाराची मात्र पूर्ण. छापील पुस्तकाला याने बाधा येत नाही. पोथीला येते. आपल्या पोथ्यांत अध्यायाची समाप्ती, दंड, कधी समासाच्या रेघा हिंगुळाने लाल लिहिलेल्या असतात, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासलेली असते. रंगाचे तपशील निम्मे केले की लाल अक्षरांच्या कडा विरघळतात. काळे-पांढरे केले तर त्याहून वाईट: हरताळेखालचे खोडलेले अक्षर कधी पुन्हा वर येते, कधी दुरुस्ती झाली होती याचा मागमूसही उरत नाही. पाठभेदांवर काम करणाऱ्या अभ्यासकासाठी त्या पानाची साक्ष तिथेच संपली. पोथीच्या मूळ प्रतीसाठी टिफ, किंवा जेपीजी २००० चे काहीही न गाळणारे रूप हाच रस्ता आहे. जेपीजी २००० च्या या रूपात फाइल साधारण निम्मी होते. निम्म्यावर समाधान मानावे.

शिरोरेघेचा परिणाम

छापील मजकुराचे पान काळ्या-पांढऱ्यात उतरवता आले की खरी बचत सुरू होते. फॅक्सच्या जमान्यातली ‘ग्रुप ४’ ही पद्धत वरच्या ओळीशी तुलना करून फक्त फरक नोंदवते आणि १.१ एमबीचे पान सहसा १०० केबीच्या आत आणते, तेही काहीही न गमावता. ती जुनी आहे, अनाकर्षक आहे, आणि माझ्या मते मराठी छापील पुस्तकांसाठी आजही सर्वांत भरवशाची आहे.

तिच्यानंतर आलेली जेबिग-२ आणखी पुढे जाते. पानावरचे सुटे आकार वेचून ती त्यांचा कोश करते. एक ‘e’ एकदा साठवायचा आणि पुढच्या प्रत्येक जागी ‘कोशातला अमुक नंबर’ एवढेच लिहायचे. रोमन लिपीत हे फार छान जमते, कारण अक्षरे सुटी असतात. देवनागरीत आणि गुरुमुखीत शिरोरेघ अक्षरांना जोडते, म्हणून यंत्राला दिसणारा सुटा आकार अक्षर नसून अख्खा शब्द असतो. कोश फुगतो आणि पुनरावृत्ती घटते. ‘आहे’ आणि ‘आणि’ यांचा लाभ मिळतो, पण ‘न्यायालयासमोरील’ पानात एकदाच येतो. शब्द न तोडता सलग लिहिलेल्या जुन्या गुरुमुखी पोथ्यांत, ज्यांना पंजाबीत लडीवार म्हणतात, हा लाभ आणखी आटतो. मोडीत तर ओळभर शिरोरेघ आधी ओढून खाली लेखणी न उचलता लिहीत जायची पद्धत. तिथे पूर्ण ओळच एक आकार बनते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कोट्यवधी मोडी कागदांना कोशाच्या युक्तीचा काडीचा उपयोग नाही.

मग देवनागरी पानावर सुटे असे काय उरते? शिरोरेघेच्या वरचा अनुस्वार. गुरुमुखीतली बिंदी, आणि ‘स’खाली दिले की त्याचा ‘श’ करणारे टिंब. दशांशचिन्ह. नुक्ता. पूर्णविराम. म्हणजे कोश करणाऱ्या यंत्राच्या हाती सर्वांत सहज सापडतात त्या याच बारीक खुणा, आणि ‘धूळ साफ करा’ असे बटण दाबले की सर्वांत आधी बळी जातात त्याही याच.

हिशेब मांडून पाहू. बारा पॉइंटच्या टायपातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. ३०० डीपीआयला तो सहा पिक्सेल रुंद होतो, १५० ला तीन, ७२ ला जेमतेम दीड. पीडीएफ लहान करणाऱ्या पुष्कळ साधनांच्या पोटात घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर असते. त्याची ‘स्क्रीन’ ही तयार मांडणी चित्रे ७२ डीपीआयवर आणते आणि ‘ईबुक’ १५० वर. इंग्रजी पत्र ७२ ला कसेबसे वाचता येते, कारण i वरचा ठिपका गेला तरी i कळतो. मराठी खरेदीखतात मात्र ‘त्याचा हिस्सा’ आणि ‘त्यांचा हिस्सा’ यांत भावाभावांचा दिवाणी दावा उभा राहील एवढे अंतर आहे, आणि ते अंतर दीड पिक्सेलाचे आहे. गेलेला अनुस्वार वाचणाऱ्याला जाणवतही नाही. शब्द शुद्धच दिसतो, फक्त वेगळा असतो.

ही भीती काल्पनिक नसल्याचे जर्मनीत सिद्ध झाले. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या निदर्शनास आले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात तीन वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे एकसारखी, १४.१३ चौरस मीटर, उमटली आहेत. मुळात दोन खोल्यांची क्षेत्रफळे २१.११ आणि १७.४२ होती. यंत्रातल्या जेबिग-२ ने दिसायला जवळचे आकार एकच मानले होते. आकडे धूसर झाले असते तर कोणी ओरडले असते. ते स्वच्छ, ठळक आणि चुकीचे होते. कंपनीला पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले. जेबिग-२ चे काहीही न गाळणारे रूपही आहे. वापरायचेच तर तेवढेच वापरावे, आणि सातबारा, निकालपत्र, हिशेबवही यांना तेही नको.

वृत्तपत्रांचे दुखणे वेगळे. लाहोरात १८८१ मध्ये, ‘केसरी’ निघाला त्याच वर्षी, सुरू झालेला आणि पुढे चंडीगडला आलेला ‘ट्रिब्यून’ घ्या, की ‘केसरी’ घ्या. जुन्या अंकांतले फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेले असतात. ग्रुप ४ त्या जाळीपुढे हात टेकते, कारण ठिपक्यांत लांब सरळ पट्टे नसतात. फाइल लहान होण्याऐवजी फुगूही शकते. अशा पानासाठी थर वेगळे करण्याची पद्धत उपयोगी पडते: अक्षरांचा साचा पूर्ण रिझोल्यूशनला काळ्या-पांढऱ्यात, आणि कागदाचा रंग व फोटो खालच्या थरात कमी रिझोल्यूशनला. १९९० च्या दशकाअखेर एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत झालेले डेजाव्यू हे स्वरूप याच कल्पनेवर बांधलेले होते. बिट अक्षरांवर खर्च होतात, कागदाच्या पिवळेपणावर होत नाहीत.

पीडीएफच्या पोटात

पीडीएफ हा एकसंध पदार्थ नाही. १९९३ मध्ये अडोबीने आणलेल्या या स्वरूपात प्रत्येक चित्र, फॉन्ट आणि पानावरचा मजकूर स्वतंत्र ठेवलेला असतो आणि प्रत्येकाची कॉम्प्रेशन पद्धत निराळी असू शकते. म्हणून ‘पीडीएफ कॉम्प्रेस करा’ ही आज्ञा संदिग्ध आहे. वजन कशाचे आहे ते आधी पाहावे.

वकिलांच्या पेपरबुकात ते अनेकदा फॉन्टांचे असते. चाळीस जोडपत्रे वेगवेगळी टंकून एकत्र केली, की मंगल किंवा नोटो देवनागरी हा फॉन्ट चाळीस वेळा आत बसतो. शिवाय पीडीएफमध्ये किरकोळ बदल करून नुसते ‘सेव्ह’ केले की बऱ्याच साधनांत जुना भाग तसाच ठेवून नवा शेवटी चिकटवला जातो. खोडलेले पानही आत शिल्लक राहते. (गोपनीय मजकूर काढून टाकला असे समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) ‘सेव्ह ॲज’ करून फाइल नव्याने लिहिणे, दुबार फॉन्ट एकत्र करणे, क्यूपीडीएफसारख्या मोफत साधनाने आतल्या वस्तूंची नीट गाठोडी बांधणे, यांत दर्जाला धक्काही लागत नाही. फॉन्ट काढूनच टाकण्याचा मोह मात्र टाळावा: दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्या ठिकाणी जातात. दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये आलेल्या पीडीएफ/ए या मानकात फॉन्ट आत असणे सक्तीचे आहे, ते याच कारणाने.

नकाशांबाबत निर्णय सोपा आहे. ए-झीरो आकाराचा आराखडा ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला तर ४१८ एमबी होतो. संगणकावर काढलेला तोच आराखडा रेषांच्या रूपात, म्हणजे टोकांचे निर्देशांक आणि जाडी एवढेच लिहून, सहसा त्याच्या शंभराव्या भागातही मावतो आणि कितीही मोठा केला तरी तुटत नाही. तो कागदावर छापून पुन्हा स्कॅन करायला लावणारी कार्यालये अजून आहेत. त्यांच्यासाठी कोणतीही कॉम्प्रेशन पद्धत निघालेली नाही.

अर्ज भरणाऱ्यांसाठी थोडेसे. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी अट असते, आणि मुले जेपीजीचा दर्जा दहा टक्क्यांवर ओढून चेहऱ्याचे चौकोन करतात. दर्जाला हात लावण्याआधी लांबी-रुंदी कमी करा. २०० गुणिले २३० पिक्सेलांचा फोटो कच्च्या रूपातच १३८ केबीचा असतो. चांगल्या दर्जाला ठेवूनही तो ५० च्या आत येतो. कागद मोबाइलने टिपत असाल तर सावली आणि चुरगळा टाळा. सावलीच्या छटा आणि कागदाचा खरखरीतपणा यांचा अंदाज कोणत्याही पद्धतीला बांधता येत नाही, आणि फाइलचे बरेच वजन त्यातच जाते.

क्रम

वरच्या सगळ्यातून कामाचा एक क्रम निघतो आणि तो सहसा उलटा पाळला जातो. लोक आधी सर्वांत जड स्कॅन करतात, मग अपलोडची मर्यादा आड आली की हाती लागेल त्या साधनाने पिळतात. खरे तर निम्म्याहून अधिक बचत स्कॅनरचे बटण दाबण्यापूर्वीच ठरते. मजकूर टंकलेला उपलब्ध असेल तर स्कॅन करूच नये. छापील काळा मजकूर असेल तर काळे-पांढरे, ३०० डीपीआयच्या खाली नाही, बारीक टाइप किंवा जुनी शिळाप्रेस असेल तर ६००. सही, शिक्का, लाल शेरा असेल तर रंगीत. पोथी आणि मोडी कागद रंगीत आणि न गाळता. त्यानंतर एक मूळ प्रत बाजूला ठेवायची, तिला पुन्हा हात लावायचा नाही, आणि वाचकाला द्यायच्या हलक्या प्रती तिच्यापासूनच करायच्या. हलक्या प्रतीवरून आणखी हलकी प्रत काढली की प्रत्येक फेरीत नवे नुकसान साचते.

तपासणीची रीतही दस्तऐवजानुसार हवी. चित्रांच्या दर्जाचे गणिती निर्देशांक सरासरी काढतात, आणि पानाच्या सरासरीत एका अनुस्वाराला जागा नसते. त्यापेक्षा मूळ आणि हलकी प्रत शेजारी उघडून, सर्वांत बारीक टाइपाचा परिच्छेद निवडून, अनुस्वार, टिंबे आणि आकडे मोजावेत. ते जुळले नाहीत तर फाइल कितीही सुबक दिसो, ती नापास.

महाराष्ट्रातली ग्रंथालये, इतिहास मंडळे आणि सरकारी खाती आज लाखो पानांच्या स्कॅनिंगची कामे बाहेर देत आहेत. त्यांना एवढीच विनंती: करारात पानामागचा दर आणि फाइलचा कमाल आकार लिहाल, तिथेच ‘आकार जुळवून बदलणारे कॉम्प्रेशन वापरू नये, धूळ काढण्याची आपोआप चालणारी सोय बंद ठेवावी, आणि प्रत्येक गठ्ठ्यातली काही पाने अनुस्वार मोजून तपासावीत’ हे वाक्यही लिहा. ते लिहायला खर्च येत नाही. मागाहून पाने पुन्हा स्कॅन करायला येतो, तोही मूळ कागद शिल्लक असेल तर.